चक्क लाकडाची कार! जुन्या 'वुडी' गाड्यांची बॉडी हातानं कशी घडवतात?

लाकडी गाडी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? एकतर बैलगाडी, नाहीतर सावंतवाडीच्या बाजारात मिळणारी रंगीत खेळण्यातली गाडी. पण एक काळ असा होता, जेव्हा रस्त्यावर धावणाऱ्या खऱ्याखुऱ्या मोटारींचे दरवाजे, खांब, छत सगळं सुतार घडवायचे. तेही हौस म्हणून नाही, तर गाडी बनवायची सर्वमान्य पद्धत म्हणून.

अमेरिकेत अशा गाड्यांना लाडानं 'वुडी' म्हणतात. आज त्यांची बॉडी नव्यानं घडवायची म्हटली, तर एका गाडीवर कारागिरांचे शेकडो तास जातात. आणि काम पूर्ण झालं तरी एक प्रश्न उरतोच. सगळं लाकूड नवं असेल, तर ती गाडी जुनी म्हणायची का?

या प्रश्नापर्यंत येऊच, पण आधी ही बॉडी बनते कशी ते बघू.

आधी एक गैरसमज दूर करू

'लाकडाची कार' म्हणजे सगळी गाडी लाकडाची नसते. गाडीच्या तळाशी चॅसी असते. इंजिन, चाकं, स्प्रिंग, स्टिअरिंग हे सगळं तिच्यावर बसतं, आणि ती लोखंडाचीच असते. लाकडी असते ती चॅसीवर बसवलेली बॉडी, म्हणजे तुम्ही-आम्ही ज्यात बसतो तो भाग.

जुन्या गाड्यांमध्ये लाकूड दोन प्रकारे दिसतं. पहिला प्रकार लपलेला. आत लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकून बसवलेला पत्रा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गाडी पत्र्याची आहे. दुसरा प्रकार उघडा, म्हणजे वुडी. इथे सांगाडाच बाहेरून दिसतो. फिकट रंगाची जाड चौकट आणि तिच्यामध्ये बसवलेल्या गडद रंगाच्या फळ्या. बघणाऱ्याला ती सजावट वाटते, पण प्रत्यक्षात त्या चौकटीवरच दरवाजे टांगलेले असतात आणि छत उभं असतं.

पण मोटारीत लाकूड आलंच कसं?

मोटार आली तेव्हा तिची बॉडी बनवू शकणारे कारागीर आधीच हजर होते, ते म्हणजे घोडागाड्या बनवणारे. लंडनची 'बार्कर' ही कंपनी तर १७१० पासून बग्ग्या बनवत होती. दुसऱ्या महायुद्धाआधी रोल्स-रॉईस स्वतः बॉडी बनवतच नव्हती. ती इंजिनासह चॅसी द्यायची आणि गिऱ्हाईक ती बार्कर किंवा हूपरसारख्या कंपनीकडे पाठवून हवी तशी बॉडी करून घ्यायचं. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या कित्येक गाड्या अशाच बनल्या. आज त्या रॅलीत चमकताना दिसतात, पण त्या चकचकीत पत्र्याखाली बहुतेकदा लाकूडच असतं.

अमेरिकेत कथा थोडी वेगळी घडली. रेल्वे स्टेशनवरून प्रवासी आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलपर्यंत न्यायला साध्या लाकडी बॉडीच्या गाड्या वापरल्या जायच्या. 'स्टेशन वॅगन' हे नाव तिथूनच आलं. सुरुवातीला हे काम बाहेरचे छोटे कारखाने करायचे. मग १९२९ मध्ये फोर्डनं आपल्या मॉडेल ए वर तयार स्टेशन वॅगन विकायला काढली.

फोर्डला लाकडाची चिंता नव्हती, कारण मिशिगन राज्याच्या उत्तर भागात कंपनीनं स्वतःची जंगलं घेऊन ठेवली होती. तिथे आयर्न माउंटन गावाजवळ लाकूड कापण्याचा प्रचंड कारखाना होता. पुढे वॅगनच्या बॉडी तिथेच बनू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात याच सुतारांनी अमेरिकन सैन्यासाठी ४ हजारांहून जास्त ग्लायडर विमानं बनवली, ज्यांच्या पंखांत लाकूड आणि प्लायवूड होतं.

आणखी एक गंमत म्हणजे या कारखान्यातल्या उरलेल्या लाकडाचा कोळसा करून विकला जायचा. बार्बेक्यूसाठी अमेरिकेत घरोघरी वापरला जाणारा 'किंग्सफोर्ड' कोळसा हा त्याचाच वारस.

लाकूड कोणतं लागतं?

कुठलंही चालत नाही. गाडीच्या बॉडीला सतत हादरे बसतात, पिळ बसतो, वर ऊन-पाऊस असतोच. त्यामुळे लाकूड कडक हवं, पण काचेसारखं तडकणारं नको.

इंग्लंडमध्ये यासाठी 'अॅश' या झाडाचं लाकूड वापरलं गेलं. हातोडी-कुदळींच्या दांड्यांसाठीही तिकडे हेच लाकूड वापरतात, कारण ते झटका पचवतं आणि वाफेवर छान वाकतं. फोर्डनं चौकटीसाठी प्रामुख्यानं मेपल वापरलं, तर मधल्या फळ्यांसाठी बर्च किंवा महोगनीचं प्लायवूड. क्रायसलरच्या प्रसिद्ध 'टाउन अँड कंट्री' गाडीत अॅशची चौकट आणि महोगनीच्या फळ्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, आपलं सागवान काय वाईट? टिकण्याच्या बाबतीत सागवान अॅशपेक्षा कितीतरी सरस आहे. अॅश ओलं राहिलं की पटकन कुजतं, सागवान तसं कुजत नाही. पण सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे गोंद धरायला जास्त काळजी घ्यावी लागते आणि वाफेवर ते अॅशइतकं वळत नाही. शिवाय मूळ गाडीत मेपल असेल, तर सागवान बसवल्यावर गाडीचा रंग आणि चेहराच बदलतो.

लाकडाची जात ठरली तरी लगेच काम सुरू होत नाही. लाकूड नीट सुकलेलं लागतं. पावसाळ्यात घराचा लाकडी दरवाजा फुगून चौकटीत अडकतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. ओलाव्यानं लाकूड रुंदीत फुगतं आणि आटतं, लांबीत मात्र जवळपास तेवढंच राहतं. गाडीच्या दरवाजालाही हाच नियम लागू. फरक एवढाच, की घराचा दरवाजा रंधा मारून सरळ करता येतो. गाडीचा दरवाजा मात्र सगळीकडून गोलाई असलेला असतो.

बॉडी कशी घडते? टप्प्याटप्प्यानं बघू

१. जुनं लाकूड फेकायचं नाही

नवशिक्या माणसाची पहिली चूक इथेच होते. गाडी येते तेव्हा लाकूड काळं पडलेलं, भुसभुशीत झालेलं असतं. ते काढून टाकायचा मोह होतो. पण तोच कुजका तुकडा म्हणजे गाडीचा नकाशा असतो. गोलाई किती, स्क्रू कुठे होता, बिजागरीची खाच किती खोल, हे सगळं त्यावर कोरलेलं असतं.

म्हणून बॉडी सोडवायच्या आधी मापं घेतात, फोटो काढतात, दरवाजांच्या जागेत आडव्या पट्ट्या ठोकून आकार पक्का करतात. मग एकेक भाग क्रमांक टाकून काढतात आणि त्यावरून प्लायवूडचे फर्मे कापतात. अर्धा तुकडाच उरला असेल, तर गाडीच्या दुसऱ्या बाजूचा तुकडा उलटा करून आकार मिळवतात.

कुजकेपणा डोळ्यांना नेहमी दिसत नाही. त्यासाठी कारागीर टोच्या घेऊन लाकूड टोचत जातो. टोक सहज आत गेलं, तर वरचं व्हार्निश कितीही चमकत असलं तरी आतून लाकूड गेलेलं असतं. दरवाजांचे खालचे कोपरे आणि मागच्या फळीभोवतीची चौकट ही पाणी साचायची हमखास ठिकाणं.

२. सरळ लाकडाला वळण देणं

गाडीत सरळ तुकडा शोधून सापडत नाही. वळण आणायच्या तीन पद्धती आहेत.

पहिली, जाड फळीतून वळणदार तुकडा करवतीनं कापून काढणं. ही सोपी आहे, पण वळण जास्त असेल तर लाकडाच्या रेषा मध्येच तुटतात आणि तिथेच तुकडा मोडतो. म्हणून मोठं वळण छोट्या छोट्या तुकड्यांतून कापून जोडतात.

दुसरी पद्धत वाफेची. लाकूड बंद पेटीत ठेवून वाफ सोडतात. ढोबळ हिशेब असा, की एक इंच जाडीला एक तास. गरम वाफेनं लाकडाचे तंतू धरून ठेवणारा पदार्थ मऊ होतो. पेटीतून काढल्यावर मिनिटभरात लाकूड साच्यावर वाकवून क्लॅम्प लावावे लागतात. उशीर झाला तर ते तडकतं.

तिसरी पद्धत म्हणजे पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून साच्यात दाबून ठेवणं. इंग्लंडमधली मॉर्गन कंपनी मागच्या चाकांवरची कमान अशीच बनवते. अॅशच्या तीन पट्ट्या, मध्ये गोंद आणि वरून दाब. गोंद वाळला की कमान पुन्हा सरळ होत नाही.

३. जोड: इथे गाडी टिकते किंवा मोडते

टेबलाचे पाय आणि गाडीची चौकट यात मोठा फरक आहे. टेबल एका जागी उभं असतं. गाडीचं एक चाक खड्ड्यात गेलं की चॅसीला पिळ बसतो आणि वरच्या प्रत्येक जोडावर ताण येतो. नुसते खिळे मारले तर महिन्याभरात सगळं कुरकुरायला लागेल.

त्यामुळे एका तुकड्यात खाच आणि दुसऱ्याला त्यात घट्ट बसणारं कुसू, हा जुना सुतारी जोड इथे वापरतात. लांब तुकडे जोडताना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत, तशी दातेरी टोकं एकमेकांत बसवतात. फोर्डच्या वुडीवर हे जोड बाहेरून स्पष्ट दिसतात आणि आज तीच त्या गाडीची ओळख झाली आहे. जास्त ताणाच्या कोपऱ्यांत लोखंडी पट्ट्याही लावतात.

गोंदावरून कारागिरांमध्ये मतभेद असतात. आधुनिक इपॉक्सी पाण्याला दाद देत नाही आणि जोड दगडासारखा होतो. पण उद्या तो जोड सोडवायचा झाला तर लाकूड फोडावं लागतं. काहींना म्हणून पुढच्या दुरुस्तीला वाव देणारा गोंद आवडतो.

४. दरवाजे

सगळ्यात जास्त घाम इथे गळतो. चार दरवाजांची गाडी असेल तर प्रत्येकाभोवतीची फट सगळीकडे सारखी हवी. दरवाजा बंद केला की त्याच्या रेषा शेजारच्या खांबांच्या रेषेला जुळायला हव्यात.

म्हणूनच चौकट जमिनीवर पूर्ण करून मग गाडीवर ठेवत नाहीत. ती प्रत्यक्ष चॅसीवर बोल्ट लावूनच जुळवतात. चॅसी जराशी जरी तिरकी असेल, तरी तो दोष थेट दरवाजात दिसतो. मग बॉडी आणि चॅसीच्या मध्ये पातळ चकत्या घालून फट जुळवतात. पुन्हा उघडायचं, पुन्हा मिटायचं, रंध्यानं एक पातळ सालपट काढायचं. हे कित्येक दिवस चालतं.

५. फळ्या आणि छत

चौकटीत प्लायवूडच्या फळ्या बसवताना लाकडावरची नक्षी जुळवतात. दोन शेजारच्या दरवाजांवर रेषा एकाच दिशेनं गेल्या नाहीत, तर लांबूनही खटकतं.

छत मात्र अख्ख्या फळीचं नसतं. लांब पातळ पट्ट्या थोड्या थोड्या अंतरानं लावतात, त्यावर कापसाचा थर आणि वरून पाणी न झिरपणारं जाड कापड ताणून बसवतात. आतून वर बघितलं की उलट्या होडीत बसल्यासारखं वाटतं.

६. व्हार्निश

शेवटचा टप्पा संयमाचा. होड्यांना लावतात तसं व्हार्निश पातळ थरांत लावायचं, वाळू द्यायचं, पॉलिश पेपरनं घासायचं, पुन्हा लावायचं. आठ-दहा थर तर सहज होतात. दिसणाऱ्या बाजूइतकीच न दिसणारी बाजूही महत्त्वाची. फळीची मागची बाजू आणि तुकड्यांची कापलेली टोकं कोरडी राहिली, तर पाणी तिथूनच आत शिरतं.

मग लाकूड गेलं कुठे?

उत्तर या शेवटच्या टप्प्यातच आहे. ते व्हार्निश एकदा लावून भागत नव्हतं. चांगली ठेवायची तर लाकडी बॉडी साधारण दर वर्षी घासून पुन्हा व्हार्निश करावी लागायची. स्क्रू सैल व्हायचे, ते आवळावे लागायचे. नवी गाडी घेतल्यावर दर वर्षी तिला सुताराकडे न्यायला कुणाला आवडेल?

दुसरं कारण पैशाचं. पोलादाची बॉडी बनवायला अवाढव्य प्रेस आणि साचे लागतात. हा खर्च सुरुवातीला प्रचंड असतो, पण नंतर एकेक भाग झटपट पडतो. लाकडाचं उलट. यंत्र कमी लागतात, पण प्रत्येक गाडीला हात लागतात. डॉज कंपनीनं १९१४ मध्येच बड कंपनीनं बनवलेली पोलादी बॉडी आणली होती. पुढे मजुरी वाढत गेली, तशी वुडी फोर्डच्या सर्वात महागड्या मॉडेलांपैकी एक होऊन बसली.

१९४६ मध्ये विलीसनं पूर्ण पोलादी स्टेशन वॅगन आणली. ही तीच विलीस, जिच्या जीप महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळवायला सुरुवात केली. मजा म्हणजे या पोलादी वॅगनला लाकडासारखा दिसणारा रंग दिला होता! फोर्डची खरी लाकडी वॅगन १९५१ मध्ये थांबली, १९५३ ची ब्यूक ही अमेरिकेतली शेवटची मानली जाते. त्यानंतर कित्येक वर्षं लाकडाचं चित्र असलेलं व्हिनाइल पत्र्यावर चिकटवून 'वुडी' विकल्या गेल्या.

इंग्लंडमध्ये लाकूड जास्त टिकलं. आपली अॅम्बॅसडर ज्या मॉरिस कंपनीच्या मॉडेलवर बेतली होती, त्याच मॉरिसची 'मायनर ट्रॅव्हलर' १९७१ पर्यंत अॅशच्या चौकटीसह बनत होती. तिथल्या वार्षिक तपासणीत या गाडीची चौकट कुजलेली सापडली, तर गाडी नापास होऊ शकते. ते लाकूड शोभेचं नसून बॉडीचा भार पेलणारं आहे, याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

सगळं लाकूड बदललं, तर गाडी जुनी राहते का?

एखाद्या जुन्या वाड्याचे खांब आणि तुळया वाळवीनं खाल्ल्या म्हणून बदलल्या, तर आपण त्याला नवा वाडा म्हणत नाही. पण सगळंच बदललं तर? वुडीच्या मालकांमध्ये हा वाद कायमचा आहे.

एक बाजू म्हणते, गाडी चालली पाहिजे, सुरक्षित पाहिजे, कुजकं लाकूड काढा. दुसरी बाजू म्हणते, कारखान्यातल्या सुताराच्या हाताची खूण एकदा गेली की परत येत नाही, म्हणून जेवढं वाचेल तेवढं वाचवा. चांगले कारागीर मधला मार्ग काढतात. दरवाजाचा फक्त खालचा कोपरा गेला असेल, तर तेवढाच कापून, त्याच जातीचं आणि त्याच दिशेच्या रेषांचं लाकूड जोडतात. यात नव्या तुकड्यापेक्षा जास्त वेळ जातो, पण जुना दरवाजा जुनाच राहतो.

आपल्याकडे हा वाद फक्त भावनेचा नाही. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नोंदणी नियम आणले. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनं, मूळ स्वरूपात जपलेलं आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल न केलेलं दुचाकी-चारचाकी वाहन 'व्हिंटेज' ठरतं. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं. म्हणजे काम सुरू करण्याआधीचे फोटो, मापं आणि काढून ठेवलेले जुने तुकडे, हे सगळं 'आम्ही मूळ स्वरूप बदललेलं नाही' हे दाखवायला कामी येतं.

आता झाडच धोक्यात आहे

मॉर्गन कंपनी इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्नमध्ये आजही नव्या गाड्यांसाठी अॅशचा सांगाडा हातानं बनवते. खाली आधुनिक अॅल्युमिनियमची चॅसी आणि तिच्यावर लाकूड, अशी ती जोडी आहे.

पण खुद्द अॅशच्या झाडावरच संकट आहे. युरोपात एका बुरशीमुळे ही झाडं वाळत आहेत, ब्रिटनमध्ये ती २०१२ मध्ये आढळली. अमेरिकेत २००२ मध्ये मोटारींचं शहर असलेल्या डेट्रॉइटजवळ आशियातून आलेला एक हिरवा भुंगा सापडला. त्याच्या अळ्या सालीखालचा भाग पोखरतात. तेव्हापासून अॅशची कोट्यवधी झाडं मेली आहेत. कारागीर शिकवून तयार करता येतो, पण सरळ वाढलेलं जुनं झाड काही वर्षांत तयार होत नाही.

पुढच्या रॅलीत हे नक्की बघा

मुंबई-पुण्यात व्हिंटेज गाड्यांची रॅली लागली, तर नुसता सेल्फी काढून निघू नका. मालकाची परवानगी घेऊन या चार गोष्टी बघा.

- दरवाजाभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का?
- दरवाजाचे खालचे कोपरे काळे पडलेत का? तिथे पाणी शिरलेलं असू शकतं.
- उघड्या लाकडाची गाडी असेल तर दातेरी जोड शोधा. दिसले नाहीत तर लाकूड खरं आहे की चिकटवलेलं, हे विचारा.
- पत्र्याची गाडी असेल तर मालकाला विचारा, "आत लाकूड आहे का?"

हा शेवटचा प्रश्न विचारलात की तुमचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा. कारण ज्यानं ते लाकूड एकदा दुरुस्त करून घेतलंय, तो त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय तुम्हाला सोडत नाही.